भार घेतला

१

जिने दुरुस्त करणाऱ्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "तुम्हीच करणार?" आणि दुसरा, "बरोबर कुणी माणूस नाही का?" पहिल्याला मी हो म्हणते. दुसऱ्याला म्हणते, माणूसच उभं आहे की तुमच्यासमोर.

हे काम मी बाबांकडून शिकले. त्यांच्या तोंडामुळे त्यांच्याकडे मदतनीस टिकत नसत. मी टिकले, कारण पळून जायला मला दुसरं घर नव्हतं. बाबांचे नियम फार नव्हते. भूत म्हणजे सैल झालेला खिळा, हा एक. आणि दुसरा, जो धरून उभा आहे त्याने 'घेतला' ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. जिना, चौकट, तुळई, काहीही बसवताना एकजण खाली खांदा देतो आणि दुसरा पाचर ठोकतो. पाचर घट्ट बसली, वजन तिच्यावर गेलं, की ठोकणारा ओरडतो, "घेतला!" मगच धरणाऱ्याने अंग काढायचं. लहानपणी एकदा मी अशीच चौकट धरून उभी होते आणि बाबा गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बाहेर गेले ते रमलेच. परत येऊन त्यांनी 'घेतला' म्हटलं तोवर माझे हात माझे राहिले नव्हते. रात्री चमचा धरता येईना, आईने भरवलं. बाबा ही गोष्ट पुढे पाहुण्यांना सांगत, आणि शरम वाटण्याऐवजी त्यांची छाती फुगत असे.

तर, माझ्या ताईच्या घराचा जिना. शहराच्या पोटात जुनी वस्ती आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात एका दमात बांधलेली घरांची एक रांग आहे. प्रत्येक घर समोरून एका खोलीएवढं रुंद आणि मागे लांबच लांब, शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत. ताई वरच्या मजल्यावर राहते आणि तिथेच कपडे शिवते. पालिकेची नोटीस आली होती की जिना धोकादायक दिसतो, तपासणी होईल, नापास झाला तर घर रिकामं करा. आणि सामाईक भिंतींची गंमत अशी की एक घर पाडलं की शेजारच्याचा आधार जातो. एकाला हात लावला की अख्खी रांग जाणार, हे शेजारीपाजारी सगळे जाणून होते. मला रस्त्यात अडवून ते नुसतेच माझ्या अवजारांच्या पिशवीकडे बघत.

"होईल ना गं?" ताईने विचारलं.

"माझ्या हातून आजवर एकही जिना पडलेला नाही," मी म्हटलं.

"तू कधी शेखी मिरवायची सोडणार?"

"जिना झाला की."

२

पहिल्या सकाळी मी पायरीवर पट्टी आडवी ठेवली. जुन्या जिन्याची पायरी मधोमध झिजते. माणसं मधून चालतात, यात काही शोध नाही. ताईच्या जिन्याच्या पायऱ्या मात्र फक्त भिंतीकडे झिजल्या होत्या. तिकडे खोलगट वाट्या पडल्या होत्या आणि कठड्याकडची अर्धी पायरी परवा बसवल्यासारखी, रंध्याच्या खुणांसकट कोरी.

भिंतीवर खांद्याच्या उंचीला तेलकट काळा पट्टा होता, खालपासून वरपर्यंत. म्हणजे या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला घासून चढत-उतरत होती. हाताशी कठडा असून त्याला कुणी धरत नव्हतं. मी बसून बघितलं. ताई उतरली, भिंतीला खांदा लावून. तळमजल्यावरचे मास्तर वर गेले, तेही तसेच.

"मास्तर, तुम्ही कडेने का चाललात?"

"मी?" मास्तर थांबले. ते निवृत्त इतिहासशिक्षक, आणि या रांगेतली एकेक वीट त्यांच्या ओळखीची. "खरंच की. असंच चालतो आम्ही. वाट द्यावी तसं."

"कुणाला?"

त्यांनी रिकाम्या जिन्याकडे बघितलं आणि ते हसले, पण हसू लवकर आवरलं.

मी स्वतःला समजावलं. कठडा हलत असेल कधीकाळी, एखाद्या आईने मुलांना सांगितलं असेल तिकडे जाऊ नका, आणि सवय पडली. घरांच्या सवयी माणसांहून जास्त जगतात. मग मी कठड्यावरून हात फिरवला. वरून दांडी खरखरीत होती, रंगाचे पोपडे आलेली. कुणी धरतच नाही तर तशीच असणार. बोटं खाली गेली आणि थांबली. मधल्या टप्प्यावर, एका ठिकाणी, दांडी खालच्या बाजूने काचेसारखी गुळगुळीत होती. तळहाताएवढीच जागा, आणि तिच्यात चार बोटांची वळणं.

माझा तळहात तिथे ठेवला तर तो लहान पडला.

३

मास्तरांनी दुपारी मला रांगेतली घरं दाखवली. कुणी आग्रह केला नसता तरी त्यांनी दाखवलीच असती. कुठल्या घरात पुढच्या बैठकीची भिंत फोडून दुकान काढलं, कुठे खिडकी विटांनी बुजवली, कुठे प्लायवूड लावून एका खोलीच्या दोन खोल्या झाल्या. ही घरं गोदामांवरच्या मुकादमांसाठी आणि कारकुनांसाठी बांधली, एकाच ठेकेदाराने, एकाच नमुन्यावर, अतिशय घाईत.

"समोरून ऐट आणि मागे चणचण," मास्तर म्हणाले. "तो काळच तसा. दर्शनी दगड चांगला लावायचा आणि आत जे दिसत नाही त्यात हात आखडायचा. जिन्यांची बाहेरची तुळई सगळीकडे कच्च्या लाकडाची निघाली. सगळे जिने पडले. काही तर बांधल्या बांधल्या."

खरंच, प्रत्येक घरात आता लोखंडी जिना होता, नाहीतर सिमेंटचा.

"मग ताईचा कसा राहिला?"

"तो एकच राहिला. नशीब म्हणायचं."

लाकडाला नशीब नसतं, असं मी म्हणणार होते, पण का कोण जाणे, म्हटलं नाही.

संध्याकाळपर्यंत मी नेहमीची युक्ती केली. झिजलेली पायरी काढायची आणि पालथी घालून बसवायची. खालची कोरी बाजू वर येते आणि जुनं लाकूड वाया जात नाही. सगळ्या पायऱ्या सपाट झाल्या तेव्हा जिना नुकताच न्हाऊन आल्यासारखा दिसत होता, आणि मी खूश होते.

ताई दळण आणायला निघाली. पायाखालच्या वाट्या गेल्या होत्या, त्यामुळे पाय कुठेही पडायला मोकळा. आयुष्यात प्रथमच ती मधून उतरली, आणि मधल्या टप्प्यावर तिने सहज कठड्याला हात लावून त्यावर भार टाकला.

पायऱ्यांखालून आवाज आला.

लाकडाची कुरकुर मी झोपेतही ओळखते. ती ही नव्हती. कपाट उचलताना समोरच्याने अचानक आपली बाजू सोडली की माणूस दात दाबून जो श्वास ओढतो, तो होता.

ताई भिंतीला चिकटली. "कोण आहे खाली?"

"कुणी नाही. लाकूड बसतंय," मी म्हणाले.

"लाकडाला दात असतात?"

मी हसले. हसणं भाग होतं. त्यानंतर ताई जिन्याच्या भिंतीकडच्या कडेनेच गेली, आणि मीसुद्धा.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी केली. केरसुण्या, फुटका कंदील, कुणाच्या तरी मोडक्या पाळण्याचं लाकूड. मग जिन्याच्या पोटाला मारलेल्या फळ्या एकेक उचकटून काढल्या आणि बॅटरी वर धरली.

पायऱ्या दोन तिरक्या तुळयांवर बसतात, एक भिंतीकडे आणि एक कठड्याकडे. भिंतीकडची शाबूत होती. कठड्याकडच्या तुळईला मी पटाशी लावली, आणि पटाशी मुठीपर्यंत आत गेली. जोरच लागला नाही. तुळई नव्हतीच तिथे. रंगाचं साल होतं आणि आत वाळवीने केलेला भुसा, तोही जुना, वाळवीसुद्धा कंटाळून निघून गेलेली.

मी ओळंबा सोडला. जिना केसभरही झुकलेला नव्हता.

इथे मला घाम फुटला. मला अंधाराची भीती नाही, पण हिशेब न जुळण्याची आहे. एवढा जिना, वर कठडा, रोज चढणारी माणसं, आणि खाली भुसा. हा उभा होता तरी कशावर?

बॅटरी पुढे सरकवली तेव्हा ते दिसलं. तुळईच्या त्या सालाला मधल्या टप्प्याखाली एक खोलगट जागा होती, वर दांडीला जिथे बोटांची वळणं होती त्याच्या बरोबर खाली. ती जागा घासून घासून चकाकत होती. आकाराला खांद्यासारखी, आणि तिच्या बाजूला आणखी एक लहान गुळगुळीत खळगा. वाकवलेली मान जिथे टेकेल, तिथे.

खांदा तुळईखाली, एक हात बाहेरून वर दांडीला. बाबांनी मला असंच उभं राहायला शिकवलं होतं.

मी बाहेर आले, दार लावलं आणि रस्त्यावर जाऊन उन्हात उभी राहिले. मग वर गेले. ताईच्या घरी नियम आहे, जिना चढून आलेल्याला तोंड उघडू देत नाही. खिडकीजवळ वेताची खुर्ची आहे, तिच्याकडे बोट दाखवते आणि म्हणते, आधी बस, मग बोल. गिऱ्हाईक असो की पोस्टमन. मी बसले. खुर्ची नेहमीसारखी दोनदा कुरकुरली.

"घर सोड ताई," मी म्हणाले. "आजच."

तिने शिलाई थांबवली नाही. "जिना पडतोय?"

"कधीच पडायला हवा होता."

"मग पडला का नाही?"

मी खिडकीबाहेर बघितलं. ताईने दोरा तोडला. "मी इथे लग्न होऊन आले. इथेच तुझे भाऊजी गेले. या खिडकीतला उजेड मला माहीत आहे, दुसऱ्या खिडकीत मला सुईत दोरा ओवता येणार नाही. तू मोठी जिनेवाली ना? मग तुळई घाल नवी."

"आणि तिथे कुणी... काही असलं तर?"

"असलं तर त्याला त्रास होईल असं करू नकोस," ताई म्हणाली. जणू मोलकरणीला सांगत होती की मांजर दाराआड झोपलंय, जपून.

५

नवी तुळई मी माझ्या साठ्यातली दिली. एका पाडलेल्या गोदामातलं जुनं, पिकलेलं सागवान, मी कुणालाच न देता जपून ठेवलेलं. दारातून आत आणायला शेजारच्यांनी हात लावले. जुन्या सालाच्या आतल्या अंगाला ती बसवली, खाली टेकू दिले, टेकूंच्या बुडाशी पाचरी. हे सगळं मी त्या चकाकत्या खळग्यापासून हातभर अंतर ठेवून केलं. त्या बाजूची हवा कोमट होती. काम करताना अंगातून निघते तशी.

मग पाचर ठोकली. पाचर गेली, पण घट्ट बसेना. बोटाने हलत होती. आणखी ठोकली, तरी तेच. मी वर ओळंबा बघितला आणि हातोडी खाली ठेवली. पाचर जेवढी जात होती, तेवढाच जिना वर उचलला जात होता. भार माझ्या लाकडावर येऊच देत नव्हतं कुणी.

दिवसभर मी टेकू बदलले, पाचरी बदलल्या, शिव्या दिल्या. शेवटी विनवण्याही केल्या, तेही लाकडाला करतेय असं दाखवून. संध्याकाळी दार लावताना आतून तो श्वास ऐकू आला. आता त्यात थरथर होती. जास्त उचलायला लागत होतं ना, माझ्यामुळे. त्या रात्री मला भीतीने झोप लागली नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर मला वाईट वाटत होतं.

६

इंजिनिअर साहेब सकाळीच आले. सडपातळ, कमी बोलणारे, आणि काम नीट जाणणारे. अर्धी रांग दाराशी जमली होती. साहेब अडगळीच्या खोलीत वाकून गेले, बॅटरी फिरवली, आणि त्यांनी पहिली पाचर दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिली.

"लाकूड उत्तम आहे," ते म्हणाले. "सांधे उत्तम. पण याच्यावर भार कुठे आहे? जिना अजून जुन्या तुळईवर उभा आहे, आणि जुनी तुळई म्हणजे भुसा. मी याला पास कसं म्हणू?"

त्यांचं अक्षरन्‌अक्षर बरोबर होतं. दारातून कुणीतरी सुस्कारा सोडला. ताई जिन्याच्या वरच्या टोकाशी उभी होती, तोंडाला पदर लावून. मास्तर एकदम म्हातारे दिसायला लागले.

माझ्या हातात ती पाचर होती. मी तिच्याकडे बघत राहिले, आणि मला बाबांची चौकट आठवली. माझे हात मेले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी मी सोडलं नव्हतं. पाचर बसलेली मला दिसत होती, तरीही. कारण बाबांनी शब्द उच्चारला नव्हता.

मी एकटीने काम करते. एकटीला शब्द कुणासाठी उच्चारायचा? कित्येक वर्षांत मी तो म्हटला नव्हता. आणि खाली जो उभा होता, त्यालाही जिना बांधणाऱ्यांपैकी कुणी तो म्हटला नसणार.

"ताई, मागे हो. जिन्यावर कुणीही पाय ठेवायचा नाही," मी ओरडले. "साहेब, तुम्ही बाहेर या."

"काय करताय तुम्ही?"

"भार घेतेय."

मी आत शिरले आणि दार अर्धं ओढून घेतलं. सगळ्या पाचरी पुन्हा बसवल्या, एकेकीवर हातोडी टेकवली. नेहमी आधी पाचर आवळते, मग शब्द येतो. इथे शब्द आधी द्यावा लागणार होता. लाकूड माझं, सांधे माझे, तेव्हा शब्दही माझा. खोटा ठरला तर जिना सगळ्यात आधी माझ्याच डोक्यावर पडणार होता, ते एक बरं होतं.

त्या कोपऱ्याकडे तोंड करून, बाबांच्या आवाजात, पोटातून ओरडले, "घेतला!"

काहीच झालं नाही. बाहेर रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली.

"ऐकलंत ना?" मी हळू म्हणाले. "घेतला मी. सोडा आता."

आणि जिना आला. वरची सगळी पायऱ्यांची रांग बोटभर खाली उतरली, माझ्या टेकूंनी हुंकार दिला, भुशाचा ढग उसळला. मी पहिल्या पाचरीवर घाव घातला, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि प्रत्येक पाचर दगडासारखी बसत गेली. सागवान एकदा खोल आवाजात बोललं आणि गप्प झालं. धरलं होतं त्याने.

पायऱ्यांच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या भुशात पडल्या होत्या. त्यातल्या एका पट्टीत खांदा होता. वरून पार सपाट झालेला, चुन्याने पांढरा. तो सालापासून सुटला, सावकाश, चिकटलेलं सोडवावं तसा. त्याच्या बाजूला आडवी पडलेली मान होती. ती हळूहळू सरळ व्हायला लागली. चेहरा उजेडात येण्याआधी मी डोळे मिटले. तेवढी लाज त्यालाही असेल, मलाही होती.

७

बाहेर आले तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत भुशाने माखले होते. साहेब आत गेले, पाचर ओढून बघितली. हलली नाही. टेकूवर कान ठेवला.

"आत्ता आला भार," ते म्हणाले. त्यांनी कपाळ पुसलं. "मघाशी का नव्हता?"

"बसायला वेळ घेतला, साहेब."

"बरं. चढा सगळे. जेवढे मावतील तेवढे."

शेजारी, मास्तर, कोपऱ्यावरची न्हावीण, सगळे चढले. पायरी न्‌ पायरी भरली. साहेब मध्ये उभे राहिले आणि त्यांनी टाचा आपटल्या. जिना ढिम्म. "पास," साहेब म्हणाले, आणि रस्त्यावरून आरोळी उठली ती रांगेच्या दोन्ही टोकांना गेली. न्हावीण मास्तरांच्या गळ्यात पडली, मास्तरांनी चष्मा पुसायला काढला. मी खाली उभी राहून सगळ्यांदेखत रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मग पायरी वाजली.

सगळ्यात खालची, कठड्याकडून. माझ्या शेजारून कोमट हवा गेली. दुसरी वाजली. आरोळी हळूहळू विरली. जिन्यावरची माणसं कुणी कुणाला न सांगता भिंतीला सरकली, खांद्याला खांदा लावून. साहेबही सरकले. पावलं जड होती, अवघडलेली, खूप वेळ एका जागी उभं राहिलेल्या माणसाची. वर चढत होती. कोऱ्या पायऱ्यांवर भुशात एकेक अनवाणी पाऊल उमटत गेलं. मधल्या टप्प्यावर ती थांबली, आणि कठड्याची दांडी किंचित हलली. या वेळी वरून धरली होती.

कुणी ओरडलं नाही. मास्तरांनी मान खाली घातली, मोठं माणूस जाताना घालतात तशी.

ताई जिन्याच्या टोकाशीच उभी होती. पावलं तिच्यापाशी पोचली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मी खालून पाहिला. क्षणभर वाटलं ती किंचाळणार. तिने पदर नीट केला, बाजूला झाली आणि आतल्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"आधी बसा," ताई म्हणाली. शब्द नेहमीचेच होते. "मग बोलू."

पावलं खोली ओलांडून गेली. आम्ही सगळे, भिंतीला टेकून, कान देऊन उभे होतो.

वर वेताची खुर्ची कुरकुरली. एकदा. मग पाठ टेकल्यावर कुरकुरते तशी, दुसऱ्यांदा.